समुद्रतळीची पांढर

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर नावाचे गाव आहे आणि त्या गावात एक चक्राकार बारव आहे. पाण्याभोवती पायऱ्यांचे फेरे तिच्या कारागिराने अशा खुबीने फिरवीत खाली नेले आहेत की, आपण किती खोल आलो याची खबर उतरणाऱ्याच्या पायांना लागण्याआधी कानांना लागते. वरच्या गावाचा गलबला फेरीगणिक मंदावत जातो आणि तळाशी पोहोचेपर्यंत स्वतःच्या श्वासोच्छ्वासाखेरीज दुसरा ध्वनी उरत नाही. ज्या मुलखापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, त्या मुलखातल्या माणसाला खोल पाण्याची जी काही ओळख झाली ती अशा बारवांतून आणि शेतातल्या विहिरींतून. पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून थोरल्या भावाने विहिरीत ढकलून दिलेले आम्ही. घागर बुडाली तर दोराला गळ बांधून अर्धा दिवस तिचा माग काढणारे आम्ही. आणि गळ हरला म्हणजे, छातीभर श्वास घेऊन तळाशी जाणाऱ्या एखाद्या पाणबुड्याला चहा पाजून त्याची मनधरणी करणारेही आम्हीच. अशा गावच्या एका सेवानिवृत्त मास्तराने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी बुडालेले जहाज पाहण्यासाठी समुद्राच्या तळाशी जावयाचे मनात आणले, तेव्हा आमच्या गल्लीतील मंडळींनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली, यात नवल नव्हते.

या वेडाला कारण झाले ते एक कौल. आमच्याकडची जुनी घरे माळवदाची. तुळयांवर लाकडे अंथरून त्यांवर जी जाड पांढरी माती चोपायची, ती गावाबाहेरच्या ‘पांढरी’तून, म्हणजे उजाड झालेल्या जुन्या गावठाणाच्या टेकाडातून, गाडीने आणीत. १९०० सालच्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे परभणीवरून धावू लागली आणि त्यापुढील काळात सरकारी इमारती, शाळा, कचेऱ्या यांच्या माथ्यावर तांबडी मंगळुरी कौले दिसू लागली. आमच्या शाळेच्या ओसरीवर ती होती. वळवाच्या वाऱ्याने त्यांतले एखादे खाली आले की आम्ही मुले ते उपडे करून त्याच्या पोटावरील उठावाची अक्षरे बोटाने चाचपीत असू. इंग्रजी लिपीची माझी पहिली ओळख अशी बोटांच्या टोकांनी झाली. पुढे कितीतरी वर्षांनी, गोव्याजवळच्या समुद्रात बुडालेल्या एका जहाजावर याच जातीची मंगळुरी कौले मिळाल्याची हकिकत वाचनात आली, आणि शाळेच्या ओसरीवरची ती तांबडी रांग मला एकाएकी समुद्राखाली दिसू लागली.

हकिकत अशी. स्वित्झर्लंडमधील बासेल या शहरातील ख्रिस्ती मिशन १८३४ साली मंगळूरला आले. धर्मप्रसाराबरोबर त्याने छापखाना काढला, विणकामाचे माग घातले, आणि १८६५ साली प्लेब्स्ट नावाच्या त्याच्या एका कार्यकर्त्याने नेत्रावतीकाठच्या चिकणमातीपासून एकमेकांत खाचेने बसणारी चपटी कौले काढण्याचा कारखाना सुरू केला. हीच आपली मंगळुरी कौले. हा माल जहाजांत भरून मुंबईकडे आणि पुढे पार आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाई. गोव्यात मुरगावजवळ समुद्रात जो ग्रांद बेटांचा समूह आहे, ज्याला सेंट जॉर्ज असेही नाव आहे, त्याच्या आसपासच्या खडकांवर असे एक तारू फुटले. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञ पाणबुड्यांना त्या जागी कौले, धुराड्याच्या विटा, खांबांचे पोकळ गोल तुकडे आणि पाने-फुले कोरल्यासारखे मातीचे भाजीव स्तंभशीर्ष असा सगळा एका कारखान्याचा माल तळावर विखुरलेला मिळाला, आणि त्यावर ठसा होता बासेल मिशनच्या कारखान्याचा, १८६५ या सालासकट.

आता येथे सामान्य वाचक सहज चुकतो, तसा मीही चुकलो होतो. ठशात १८६५ आहे म्हणून जहाज १८६५ साली बुडाले असे मी मनाशी धरून बसलो. परंतु ते साल कारखान्याच्या स्थापनेचे. ठशात ते पुढेही राहू शकते. तेव्हा त्या आकड्यावरून इतकेच सिद्ध होते की, त्याआधी हे जहाज बुडालेले असणे शक्य नाही. जुन्या सनदेवरील शिक्क्याची रुजवात घालताना दफ्तरखान्यातील कारकून जो सावधपणा दाखवितो, तोच समुद्राच्या तळाशी दाखवावा लागतो, हे मला प्रथम त्या कौलाने शिकविले.

भारतात ही विद्या फार जुनी नाही. लोथलचे उत्खनन ज्यांच्या नावाशी निगडित आहे त्या डॉ. शि. रं. राव यांनी १९८१ साली समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचे काम उभे केले आणि द्वारकेच्या समुद्रातील शोधामुळे त्याचा बोलबाला झाला. जगातही तिचे वय फारसे नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो हा नौदलाचा अधिकारी आणि गान्यां हा अभियंता या दोघांनी पाठीवरच्या नळकांड्यातील हवा, श्वास घेऊ त्या क्षणी आणि सभोवारच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने तोंडात सोडणारी झडप सिद्ध केली. आणि तिच्या मुळाशी होती गान्यांने युद्धकाळच्या टंचाईत पेट्रोलऐवजी गॅसवर मोटारी चालविण्यासाठी बनविलेली झडप. त्यानंतर सतरा वर्षांनी, १९६० साली, तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर गेलिदोन्या भूशिराजवळ जॉर्ज बास या अमेरिकन संशोधकाने कांस्ययुगातील एका जहाजाचे उत्खनन स्वतः पाण्यात उतरून केले. तोवरची रीत अशी होती की पाणबुड्याने वस्तू वर आणावयाच्या आणि पंडिताने नावेत बसून त्या पाहावयाच्या. बास यांनी ठरविले की पाणबुड्याला पंडित करण्यापेक्षा पंडिताला पाणबुड्या करणे सोपे. आणि त्यासाठी ते स्वतः पोहण्याच्या तलावात जाऊन ही विद्या शिकले.

मी शिकलो ती मालवणच्या किनाऱ्यावर, डॉक्टरांचा दाखला खिशात घेऊन, गोव्यात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याच्या आग्रहाने. आमचे शिक्षक वयाने भाच्याहूनही लहान, पण पाण्यातला त्यांचा अधिकार असा की मी त्यांना अहोजाहोच करीत असे. पहिल्याच दिवशी मी त्यांची फजिती केली, किंवा त्यांनी माझी. पाण्याखाली बोलणे शक्य नसल्याने सारा व्यवहार हातांच्या खुणांनी चालतो. त्यांनी ‘ठीक आहे ना?’ असे खुणेने विचारले. मी शाबासकीच्या थाटात अंगठा वर केला. त्यांनी तत्काळ मला दंडाला धरून पृष्ठभागावर आणले. मी पुन्हा खाली गेलो, पुन्हा तीच पृच्छा, पुन्हा तोच अंगठा आणि पुन्हा तेच उच्चाटन. आपल्याकडे अंगठा दाखविणे म्हणजे हातावर तुरी देणे, कागदावर अंगठा म्हणजे संमती, आणि खेळाच्या मैदानावर अंगठा म्हणजे वाहवा. पाण्याखाली मात्र त्याचा अर्थ एकच, ‘वर चला’. ठीक असल्यास तर्जनी व अंगठा जुळवून गोल करावयाचा असतो. दुसऱ्यांदा वर आल्यावर ते हसून म्हणाले, “काका, घाई करू नकात. दर्यो खंय पळान जावचो नाय.”

या विद्येचे मर्म सगळे दाबात आहे. समुद्रात दर दहा मीटर उतरावे तो अंगावर आणखी एका वातावरणाचा भार चढतो. वरच्या हवेचा एक भार आपण जन्मापासून वागवीत असतोच. दहा मीटरांवर तो दुप्पट होतो, वीस मीटरांवर तिप्पट. पाणबुड्याच्या पाठीवर जे नळकांडे असते त्यात वर्तमानपत्रे म्हणतात तसा ‘ऑक्सिजन’ नसतो. असते ती साधी, गाळून कोंडलेली हवा, आणि शुद्ध ऑक्सिजन तर पाच-सहा मीटरांच्या खाली विषासमान होतो. बारा लिटर मापाच्या नळकांड्यात दोनशे पट दाबाने कोंडलेली हवा मोकळी केली तर ती २,४०० लिटर भरते. शांत माणसाला जमिनीवर मिनिटाला वीस लिटर पुरते असे धरले तर ती दोन तासांची बेगमी. पण दहा मीटर खोलीवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा जाते म्हणून तीच बेगमी एका तासावर येते आणि वीस मीटरांवर चाळीस मिनिटांवर. जो घाबरतो त्याचा श्वास वाढतो, ज्याचा श्वास वाढतो त्याचा मुक्काम घटतो. प्राणायाम शिकलेल्या माणसाला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. पण एका बाबतीत प्राणायामाची सवय येथे घात करील. कुंभक येथे सर्वथा निषिद्ध आहे. खाली भरून घेतलेला श्वास रोखून माणूस वर येऊ लागला तर बाहेरचा दाब उतरत जातो, फुप्फुसातली हवा फुगत जाते आणि ते नाजूक पोते फाटते. विहिरीत बुडी मारणाऱ्या आमच्या पाणबुड्याला हे भय नाही, कारण त्याने श्वास वरूनच नेलेला असतो.

दुसरे भय अधिक कपटी आहे. दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तात विरघळतो. वर येण्याची त्वरा केली तर सोड्याची बाटली फोडल्यावर यावेत तसे त्याचे बुडबुडे सांध्यांत आणि शिरांत उठतात. नदीत पुलांचे पाये घालताना दाबाच्या हवेत काम करणारे मजूर याच विकाराने वाकडे होत. १९०८ साली हाल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने कोणत्या खोलीवरून किती थांबत थांबत वर यावे याची कोष्टके प्रसिद्ध केली आणि आजच्या पाणबुड्याच्या मनगटावरील यंत्र त्याच हिशेबाचे वंशज आहे. मिनिटाला नऊ मीटरांहून वेगाने वर यावयाचे नाही आणि पाच मीटरांवर तीन मिनिटे, त्रिशंकूसारखे, थांबावयाचे. कानांची गोष्ट त्या मानाने क्षुल्लक: नाक चिमटीत धरून हलके फुंकर घातली की आतला-बाहेरचा दाब समान होतो. ही फुंकर दुखण्याआधी घालावयाची असते. मी ती दुखल्यानंतर घातली, आणि दोन दिवस माझा डावा कान लग्नघरातल्या म्हाताऱ्यासारखा रुसून बसला.

ग्रांद बेटाजवळ, सुमारे बारा मीटर पाण्यात, ‘सुझीज रेक’ या नावाने पाणबुडे ओळखतात ते लोखंडी आगबोटीचे अवशेष आहेत. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांचा गाळ पोटात घेणारा तो समुद्र काही चित्रांतल्यासारखा निळा-पारदर्शक नाही. मी तेथे उतरलो त्या दिवशी चार-पाच मीटरांपलीकडे हिरवट धुके होते. निघताना आईने मनगटाला बांधलेला नाडाछडीचा लाल धागा वाटेत काळसर झाला. पाणी प्रकाशातला तांबडा रंग सर्वांआधी गिळून टाकते. पाच-दहा मीटरांवर कुंकू काजळासारखे दिसावे. मग त्या धुक्यातून एक प्रचंड गोल पुढे आला. ते जहाजाचे बाष्पपात्र, म्हणजे बॉयलर, होते. पाण्यामुळे वस्तू आहे त्याहून तृतीयांशाने मोठी आणि पाव अंतराने जवळ भासते हे मी पुस्तकात वाचले होते, तरी हात आपोआप पुढे झाला आणि हवेत चाचपडावा तसा पाण्यात चाचपडून परत आला. त्याच्या पत्र्याच्या जोडावर रिवेटांची ओळ होती. एकेका रिवेटावर शिंपल्यांनी आणि चुनखडीचे कवच करणाऱ्या जीवांनी इतके थर चढविले होते की ती ओळ लोखंडाची न वाटता दाढांची वाटत होती. ज्या भोकातून एके काळी कोळशाची धग आली असेल त्यातून पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक थवा शांतपणे बाहेर आला, माझ्याकडे पाहून वळला आणि शेजारच्या भोकातून आत गेला. मला त्या क्षणी आठवली ती वालूरची बारव. आवाज नव्हता असे नाही; स्वतःच्या श्वासाचे बुडबुडे होते आणि दुरून कुठल्यातरी बोटीची धडधड होती. पण पाण्यात ध्वनी हवेच्या चौपटीहूनही वेगाने धावतो, त्यामुळे तो उजव्या कानाला आधी लागला की डाव्या, हे मेंदूला कळत नाही, आणि धडधड चोहोकडून एकदमच येत राहते.

वर आल्यावर भाच्याने विचारले, “मामा, काय सापडलं खाली?” या प्रश्नात साऱ्या जगाची एक जुनी समजूत आहे. बुडालेले जहाज म्हटले की सोन्याची पेटी, मोहरांचा हंडा, आमच्याकडच्या भाषेत दफिना. परंतु शास्त्रज्ञाला जो लोभ असतो तो वस्तूचा नसून तिच्या जागेचा असतो. याचे उत्तम उदाहरण गोव्याच्याच पाण्यात, सुंची नावाच्या खडकावर, आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात समुद्रविज्ञान संस्थेच्या शिला त्रिपाठी आदी संशोधकांनी तेथे, जेमतेम चार-सहा मीटर पाण्यात, सतराव्या शतकाच्या आरंभकाळातील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. लोखंडी तोफा आणि नांगर, घडीव दगडांचे चिरे, चिनी मातीच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांची खापरे, ब्रह्मदेशातील मर्तबानच्या नावाने प्रसिद्ध असलेले मोठाले रांजण, हस्तिदंत, आणि पाणघोड्याचे दात. शेवटची वस्तू वाचून मी थबकलो. पाणघोडा त्या काळी आफ्रिकेखेरीज कोठे नव्हता. म्हणजे एका खडकावर, हाताच्या अंतरावर, आफ्रिकेच्या नदीतले दात आणि चीनच्या भट्टीतले भांडे एकत्र आले. आणि ही दोन टोके जेथे जुळत ती बाजारपेठ गोवा होती, हे सांगण्यास बखरीची गरज उरत नाही. जहाजाच्या पोटात काय काय कोणाशेजारी होते, हाच तो दाखला. कोणी हौशी पाणबुड्याने दात एका वर्षी आणि खापर दुसऱ्या वर्षी उचलून घरी नेले असते, तर दात दात राहिला असता, खापर खापर राहिले असते, आणि त्यांचे नाते कायमचे बुडाले असते.

हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात या जोडीची आणखी एक गंमत आहे. १९८२ साली तुर्कस्तानात स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याने, समुद्राच्या तळाशी कान असलेली धातूची बिस्किटे पाहिल्याचे सांगितले. ती निघाली तांब्याच्या लगडी. उलूबुरून येथील त्या जहाजाचे काम ११ मोसम चालले. सुमारे दहा टन तांबे आणि टनभर कथील वर आले, आणि त्यांच्या सोबतीला हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात. ते जहाज इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकातले. मधल्या तीन हजार वर्षांत राज्ये आली, बुडाली, धर्म बदलले. पण पांढऱ्याशुभ्र दातावर कोरीव काम करून घेण्याची श्रीमंतांची हौस जशीच्या तशी राहिली. आपल्या गोदातीरालाही ती परकी नाही. जालना जिल्ह्यातील भोकरदनला हस्तिदंताची जी स्त्रीमूर्ती मिळाली तिची सख्खी बहीण शोभावी अशी मूर्ती इटलीतील पाँपेईच्या राखेत सापडली आहे. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या रोजनिशीवजा ग्रंथात पैठणहून गोमेदाचे दगड आणि तगर, म्हणजे तेर, येथून कापड भडोचच्या बंदराला गाड्यांतून जाते अशी नोंद आहे. सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. पैठणची गोदावरीच पुढे पाथरी आणि गंगाखेडच्या शिवारातून वाहते. तेव्हा आम्हा परभणीकरांचा समुद्राशी संबंध नाही असे कोणी म्हटले की मी हल्ली किंचित खवळतो.

पांढरीची गोष्ट वर निघालीच आहे, ती पुरी करतो. आमच्या पांढरीच्या टेकाडात शेकडो वर्षांचे थर एकावर एक बसलेले असतात. चुलीची राख, फुटकी खापरे, बांगड्यांचे तुकडे, जनावरांची हाडे, जे जे टाकाऊ ते ते. माणूस मौल्यवान वस्तू पांढरीत सोडून जात नाही, बरोबर नेतो. बुडालेले जहाज याच्या नेमके उलट. ते एका दिवसाचे गाव आहे. भरतीच्या एका घटकेला त्याचा संसार थांबला. शिजत असलेले, विकावयाचे, लपविलेले, उद्यासाठी राखलेले, सगळे जेथल्या तेथे तळाशी गेले. पांढरीत काळाची लांबी मिळते, जहाजात त्याची एक चकती मिळते. पण ती अख्खी मिळते. आणि माळवदासाठी माती नेणाऱ्या आमच्या पूर्वजांनी पांढरींची जी वाताहत केली, ती नकळत केली असली तरी वाताहतच होय. मंगळुरी कौले त्या मानाने परोपकारी म्हणावी लागतील. जेवढी घरे कौलारू झाली तेवढ्या गाड्या मातीला विश्रांती मिळाली.

म्हणून समुद्रतळी प्रथम व्हावयाचा तो पंचनामा. जागेवर दोऱ्या ताणून चौकटी आखावयाच्या, प्रत्येक वस्तूचे अंतर मोजून प्लास्टिकच्या पाटीवर शिसपेन्सिलीने टिपावयाचे, चित्र काढावयाचे, छायाचित्र घ्यावयाचे, आणि मगच हात लावावयाचा की नाही हे ठरवावयाचे. पुष्कळदा न लावणे हेच शहाणपणाचे ठरते. तीन-चारशे वर्षे खाऱ्या पाण्यात मुरलेली तोफ बाहेर काढून उन्हात ठेवली तर तिच्यात भिनलेल्या मिठाचे स्फटिक होतात, लोखंड पापुद्र्यांनी सुटू लागते. मातीच्या घड्यातलेही मीठ गोड्या पाण्यात महिनोन् महिने, पाणी बदलीत, उतरवावे लागते. लाकडाची दशा आणखी निराळी: उष्ण समुद्रांत तेरेडो नावाचा, दिसायला अळीसारखा पण जातीने शिंपल्यांच्या कुळातला प्राणी उघडे पडलेले लाकूड पोखरून फस्त करतो. स्वीडनचे ‘वासा’ हे १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेले जहाज १९६१ साली जवळजवळ अखंड वर आले, ते बाल्टिक समुद्राच्या निमखाऱ्या पाण्यात या प्राण्याचा रिघाव नव्हता म्हणून. गोव्याच्या पाण्यात वाळूने झाकलेले तेवढे वाचते.

कायदाही या बाजूने आहे. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू १९७२च्या अधिनियमाप्रमाणे पुरावस्तू ठरते. जमिनीतल्या धनासाठी तर १८७८चा निखात निधी अधिनियम आहे, ज्यात दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास वर्दी देण्याचे बंधन आहे. दहा रुपयांत आज चहा मिळतो. आकडा तसाच राहिला आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २००१ साली आपली पाण्याखालची शाखा काढली. पण अकरा हजार किलोमीटरांच्या किनाऱ्याला तिचे मनुष्यबळ कितीसे पुरणार?

मराठी वाचकाच्या मनाला याहून जवळचे एक पाणी आहे, ते विजयदुर्गाचे. १७५६च्या फेब्रुवारीत वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हची फौज तुळाजी आंग्र्यांवर चालून गेली, तेव्हा पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूला होते. वॉटसनच्या तोफखान्याचा एक गोळा ‘रेस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून आणलेले. त्याने पेट घेतला आणि शेजारी बांधलेल्या गुराबा, गलबते एकामागून एक पेटत गेली. मराठ्यांचे सर्वांत बलाढ्य आरमार असे एका संध्याकाळी, शत्रूकडून आणलेल्या जहाजाच्या ठिणगीने आणि स्वकीयांच्या संमतीने, खाडीच्या तोंडाशी जळाले. मालवणला शिकत असताना मी एक दिवस सवड काढून त्या तटावर जाऊन बसलो होतो. खाली पाणी गढूळ आणि निवांत होते. एक होडी कोळंबीचे जाळे ओढीत होती. उतरावेसे वाटले नाही. सुझीच्या बाष्पपात्राकडे कुतूहलाने पाहता येते; येथे ते जमले नसते.

आता सिंधुदुर्गाच्या समुद्रासाठी नवे जहाज ठरले आहे. १९८५ साली पोलंडमध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली आणि जानेवारी २०२४ मध्ये सेवेतून उतरलेली ‘गुलदार’ ही युद्धनौका निवतीजवळ समुद्रतळी बसवून तिचे संग्रहालय करण्याची योजना महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतली आहे. मुद्दाम बुडविलेल्या जहाजात इतिहास तो काय, असा माझा पहिला आक्षेप होता. पण हौशी पाण्यात उतरणाऱ्यांचे लोंढे एका निरुपद्रवी लोखंडी सांगाड्याकडे वळले, आणि त्यामुळे सुंचीसारख्या जागा हातांपासून वाचल्या, तर ‘गुलदार’ने नौदलातून निवृत्त झाल्यावरही पहाऱ्याचे काम सोडले नाही असे म्हणावे लागेल.

घरी परतल्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या भागातील एका बारवेचा गाळ गावकऱ्यांनी श्रमदानाने काढला. मी वही घेऊन काठावर बसलो होतो. तिसऱ्या दिवशी गाळाच्या पाटीतून एक फुटके कौल वर आले. धुतले तेव्हा पोटावर दोन उठावाची अक्षरे दिसली, बाकीची तुटलेल्या भागाबरोबर गेली होती. मी पाटी देणाऱ्या तरुणाला विचारले, “हे नेमकं कुठं होतं? कितव्या पायरीपाशी?”

तो घाम पुसत माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मास्तर, गाळात व्हतं की. आता गाळाला कुठली आली पायरी?”

मी चपला काढल्या, धोतराचा काचा मारला आणि त्याला म्हटले, चल, जागा दाखव. पूर्वेच्या अंगाला, उघड्या झालेल्या सर्वांत खालच्या पायरीवर, भिंतीपासून दीड हातावर, अशी नोंद त्या दिवशीच्या वहीत आहे.